फिरत्या रोलरची एक बाजू

१

मिलने परत पाठवलेला रोलर ट्रकमधून उतरला, तेव्हा शेडमधल्या सगळ्यांचे चेहरे सुतकी होते. दोन पुरुष उंचीचा, लाटण्यासारखा गुळगुळीत असा तो रोलर कागदाच्या मिलमध्ये वर्षानुवर्षं फिरायचा होता. पहिल्याच महिन्यात तो झिजला, थरथरायला लागला आणि कागद फाडत सुटला. मिलने तो उपसून परत पाठवला आणि पाठोपाठ आपला इंजिनिअरही पाठवतो असं कळवलं.

यंत्राचा भाग कशाने गेला हे त्याच्याकडे बघून सांगणं हा माझा धंदा. वय झालं, गुडघे कुरकुरतात, पण हातातलं भिंग काही सुटलं नाही. माघारी मला सगळे भिंगवाली म्हणतात. तोंडावर बाई म्हणतात, कारण माझ्या तोंडाला लागायची कोणाची हौस नसते.

या वेळी मात्र मामला घरचा होता. कारखाना आबांचा आणि आबांची थोरली सून म्हणजे माझी सख्खी भाची. तिचा नवरा अचानक गेला, तेव्हा लोकांना वाटलं ही आता माहेरी जाईल. ती गेली नाही. धातूशास्त्र शिकलेली पोर, पदर खोचून शेडमध्ये उभी राहिली.

तिथं चालतं ते काम क्लॅडिंगचं. साध्या पोलादाच्या रोलरवर चांगल्या धातूचा जाड थर वितळवून चढवायचा, म्हणजे झीज थराने सोसायची. भाचीने त्यावर आणखी एक पायरी काढली. थर चढवून, कातून झाला की रोलर लेथवर फिरवत ठेवायचा आणि एक कडक गोळी जबर दाबाने त्याच्या अंगावरून चालवायची. गार धातू घोटला जातो, वरची कातडी दाबून घट्ट होते आणि झिजायचं नाव घेत नाही. शेडमध्ये या कामाला घोटाई म्हणत. मिलमध्ये असे घोटलेले आणखी रोलर धडधडत होते.

"विहीणबाई, आलात ते बरं झालं," आबा म्हणाले. "पण आधीच सांगतो. घोटाई फसली असेल तर मी ते यंत्र काढून टाकणार. मिलमधले बाकीचे रोलरही परत मागवावे लागतील. मग सूनबाईंनी घरात आराम करावा."

"आराम मी मेल्यावर करीन, आबा," भाची म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते, आवाज मात्र पक्का होता. "मावशी, माझं चुकलं असेल तर तसं सांग. मला खरं काय ते हवंय."

मी भिंग काढलं आणि रोलरवर हात फिरवला. झीज हाताला लागली. मग मी दोघा कामगारांना तो रोलर हळूहळू फिरवायला सांगितला, आणि पुरता एक फेरा झाल्यावर पुन्हा एकदा फिरवायला सांगितला. माझा विश्वासच बसेना. तो रोलर एकाच बाजूने झिजला होता.

२

मधोमध, हातभर लांबीचा पट्टा खोल झिजलेला. त्याच्या पाठीमागची बाजू मात्र नव्यासारखी. गोळीने पाडलेल्या बारीक रेघासुद्धा तिथं जशाच्या तशा होत्या.

मी माझं यंत्र काढलं. ते धातूवर टेकवून कळ दाबली की आतली गोळी आपटून उडते. जितकी मोठी उडी, तितका धातू कडक. चांगल्या बाजूला आकडा भरपूर आला. झिजलेल्या पट्ट्यात तो धाडकन खाली आला, घोटाई न केलेल्या थराचा असतो तितका. पट्ट्याची कड ओलांडून बोटभर पुढे गेलं की पुन्हा वर.

"बघा!" दाराशी उभा असलेला धाकटा म्हणाला. हा आबांचा धाकटा मुलगा, गिऱ्हाईकं सांभाळणारा. इस्त्रीचा शर्ट, जिभेला हाड नाही. "वहिनींच्या घोटाईत मधेच भोक राहिलंय. मी आधीपासून सांगत होतो, हे पुस्तकी खूळ आपल्याला परवडायचं नाही."

"भाऊजी, तुम्ही घोटाईच्या यंत्राला गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलंय, हे मला माहीत आहे."

"ठेवलंय. लपवलंय का?"

दोघांची जुंपायच्या आत मी धाकट्याला बाहेर पिटाळलं आणि आबांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

आबा खुर्चीत ताठ बसले होते. याच शेडमध्ये त्यांनी सगळं आयुष्य घालवलं. वेल्डिंग, लेथ, क्रेन, सगळं स्वतःच्या हाताने करणारा माणूस.

"म्हणणं काय असायचं? थर ठिणगीने, आपल्या वेल्डरने चढवला, तो चोख आहे. इथून निघाला तेव्हा रोलर सुतासारखा सरळ होता, मी स्वतः डायल लावून बघितलाय. मग राहिलं काय? घोटाईच ना? सूनबाईंबद्दल माझ्या मनात काही नाही, विहीणबाई. पण कामात नातं आणलं की कारखाना बुडतो."

ते मनापासून बोलत होते, त्यात मला तिळमात्र शंका वाटली नाही. आणि नेमकं त्यामुळेच पुढे माझा बराच वेळ वाया गेला.

३

भाचीने मला लेथजवळ नेलं. तिथं नवा रोलर चढवलेला होता आणि गोळी त्याच्या अंगावरून सरकत होती.

"बघ मावशी. रोलर गोल फिरतो आणि गोळी या टोकाकडून त्या टोकाकडे जाते. रिळावर दोरा गुंडाळावा तशी. मधेच दाब गेला तर काय होईल?"

"पुरतं कडं मऊ राहील. बांगडीसारखं, सगळ्या बाजूंनी."

"बरोबर. पण इथं एकच बाजू मऊ आहे, तीही हातभर लांब. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गोळीने नेमकी तीच बाजू सोडायला हवी. असं होऊच शकत नाही."

पोरीने माझ्याच तोंडचं वाक्य काढून घेतलं होतं. मी खूश झाले, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

"म्हणजे घोटाई पूर्ण झाली होती," मी म्हटलं, "आणि नंतर कोणीतरी ती पुसली. कशाने पुसता येते?"

"घासून काढली तर. पण पट्ट्याच्या कडेला माप पूर्ण भरतं आणि तिथंही धातू मऊच आहे. म्हणजे घासलेली नाही." ती थांबली. "दुसरा मार्ग एकच. उष्णता. घोटाई गार धातूवर केलेली असते. दाबून बसवलेलं सगळं लाल तापवलं की सैल होतं. धातू तोच, माप तेच, ताकद मात्र गेलेली."

"मिलमध्येच तापला असेल. काहीतरी अडकलं, घासलं गेलं."

तिने नकारार्थी मान हलवली. "मिलमध्ये तो सतत फिरत असतो. फिरत्या रोलरला बाजू नसते, मावशी. तिथं तापला असता तर सगळीकडून तापला असता."

खरं होतं. एका जागी पडलेल्या रोलरलाच वर-खाली, डावी-उजवी बाजू असते. हा रोलर तापवला गेला तेव्हा तो स्थिर होता. घोटाई झाल्यानंतर आणि मिलमध्ये बसायच्या आधी.

"ट्रकमध्ये कोणी जाळ पेटवत नाही," भाची हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "म्हणजे हे इथंच झालंय. आपल्यापैकी कोणीतरी केलंय."

४

जाळ म्हटला की आधी ठिणगी. थर चढवणारा वेल्डर हा. खरं नाव त्याच्या बायकोलाच माहीत असावं.

"बाई, माझ्यावर संशय घेता?" तो म्हणाला. "मी त्या थरावर पोटच्या पोरासारखी मेहनत घेतलीय. उलट माझंच ऐका. मागे एका सुट्टीनंतर आलो तर माझा गॅसचा सिलिंडर रिकामा! आदल्या दिवशी भरलेला लावून गेलो होतो. मी ओरडलो, तर कोणी हूं की चूं केलं नाही."

"रोलर तेव्हा कुठं होता?"

"घोटाई होऊन पॅकिंगच्या वाटेवर."

"आणि हल्ली तुझं कसं चाललंय?"

"कसलं चालतंय! हातात काम घेतलं की आबांची हाक. ठिणगी, क्रेन चालव. इतकी वर्षं क्रेनच्या बटणांना हात लावला तर अंगावर यायचे. आता म्हणतात, शीक, तुझ्याही पोटापाण्याला उपयोगी. मी काय आता शिकायच्या वयाचा आहे?"

मी त्याला सोडलं आणि पॅकिंगवाल्या ताईंकडे गेले. त्या खोक्यांवर खिळे ठोकत होत्या आणि खिळे तोंडात धरूनच बोलत होत्या.

"तो रोलर ना? तो माझ्याकडे तेल लावूनच आला. नेहमी मी लावते. म्हटलं वहिनींनी लावलं असेल, माझे कष्ट वाचले."

भाचीने तेल लावलं नव्हतं. ती समजत होती की ताईंनी लावलंय. दोघींनी एकमेकींना विचारलंच नव्हतं. तापवलेल्या पोलादावर निळसर-तांबूस डाग राहतो. तो पॉलिश पेपरने घासून वर काळं तेल चोपडलं, तर कोणाच्या नजरेला काय पडणार?

मी पुन्हा रोलरकडे गेले. झिजलेला भाग सोडून आता मी त्याची दोन्ही टोकं बघितली. थर नसलेल्या एका टोकाच्या काठावर कानशीने घासल्याच्या रेघा होत्या. काठ चेपला असावा आणि कोणीतरी तो घासून नीट केला असावा. म्हणजे रोलर पडला होता. लांब रोलर पडला की वाकतो, आणि वाकलेला रोलर सरळ करायची जुनी पद्धत शेडमधल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारावी. फुगलेल्या बाजूला गॅसच्या टॉर्चने लाल करायचं आणि ओल्या फडक्याने थंड करायचं. धातू आखडतो आणि रोलर सरळ येतो.

कोणी घातपात केला नव्हता. कोणीतरी आपली चूक निस्तरली होती.

"सुट्टीच्या दिवशी शेडची चावी कोणाकडे असते?" मी ताईंना विचारलं.

त्यांनी तोंडातले खिळे काढून हातात घेतले. "बाई, चावी फक्त घरच्यांकडे असते."

५

घरचे तिघं. भाचीचा संशय धाकट्यावर, आणि तो तिने बोलूनही दाखवला.

"त्यांनाच घाई होती. मालाची तारीख त्यांनीच कबूल केली होती. रोलर पाडला, गुपचूप सरळ केला आणि आता खापर माझ्या डोक्यावर!"

"तसं असेल तर त्याला दोन्हीकडून फायदा," मी म्हटलं. "म्हणूनच मला जरा दमाने घेऊ दे."

धाकट्याला मी सरळ विचारलं. तो भडकला, मग खाली बघत म्हणाला, "त्या सुट्टीला मी मिलमध्ये होतो. रोलर बसवायची जागा बघायला. इंजिनिअर येतोय ना, त्यालाच विचारा. मला ते यंत्र नकोय हे खरं आहे, मावशी. पण रोलर पाडून वहिनींना अडकवीन इतका नीच मी नाही. दादाची बायको आहे ती."

थोड्या वेळाने इंजिनिअर आला. शांत, मोजकं बोलणारा माणूस. "हो, त्या दिवशी हे आमच्याकडेच होते. जेवलेही आमच्यासोबत," तो म्हणाला. "बाई, मला आज उत्तर लागेल. पद्धत सदोष असेल तर बाकीचे रोलर आजच थांबवायला हवेत. कोणाचा हात अडकला तर जबाबदार कोण?"

मी कोपऱ्यातल्या बाकावर बसले. भाचीने स्वतःच्या घोटाईचा घात करून मला बोलावलं नसतं. धाकटा मिलमध्ये होता. राहिलेल्या माणसाचं नाव घ्यायला माझंच मन तयार होईना. तो तर घोटाईला मनापासून दोष देत होता. स्वतः केलेलं पाप माहीत असलेला माणूस इतक्या स्वच्छ डोळ्यांनी कसा बोलेल?

मग मी सकाळचं एकेक बोलणं आठवू लागले. सगळे मऊ-कडकपणाचं बोलत होते, झिजेचं बोलत होते. घोटाई, थर, गोळी. रोलर सरळ होता की वाकडा, हे मी कोणालाच विचारलं नव्हतं. न विचारता ते सांगणारा माणूस एकच होता. आणि इतकी वर्षं कोणाला हात लावू न दिलेली क्रेन हल्ली दुसऱ्याच्या हातात देणाराही तोच.

मी उठले. कसं विचारायचं ते माझं ठरलं होतं.

६

"आबा, एक मदत हवी," घरचे, ठिणगी आणि इंजिनिअर यांच्यासमोर मी म्हटलं. भाचीने थर चढवून घोटलेला एक तुकडा मी शिकंज्यात धरला होता. "याची एक बाजू टॉर्चने लाल करायची आणि ओल्या फडक्याने थंड करायची. वाकलेला रोलर सरळ करतात ना, अगदी तसं. तुमच्यासारखा हात इथं कोणाचा नाही."

भाचीने चमकून माझ्याकडे बघितलं. आबांनीही बघितलं, पण ते घाबरले नाहीत. उलट हसले.

"विहीणबाई, याने काय होणार? अहो, हा थर मुळात वितळवूनच चढवलाय. आगीतून जन्मलेल्या धातूला टॉर्चची काय भीती?"

"मग दाखवाच."

त्यांनी टॉर्च पेटवला. ज्योत बारीक केली, तुकड्यावर धरली. कसबी हात, पण थरथरत होता. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि काम पुरं केलं. ओलं फडकं टेकवलं, वाफ उठली. तुकडा हाताला सोसेल इतका गार झाल्यावर मी त्यावर पॉलिश पेपर फिरवला आणि माझं यंत्र आबांच्या हातात दिलं.

"आधी न तापवलेली बाजू बघा."

आकडा भरपूर आला.

"आता तापवलेली."

आबांनी कळ दाबली. आकडा पडला. त्यांनी जागा बदलून पुन्हा दाबली, मग पुन्हा. यंत्र बिघडलंय का म्हणून चांगल्या बाजूला लावून बघितलं. तिथं ते बरोबर दाखवत होतं.

"थर आगीतून आलाय, आबा," भाची म्हणाली. "पण त्याची ताकद गार दाबातून आली होती. ती आग लागताच गेली."

मी काहीच विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. आबांनी यंत्र बाकावर ठेवलं आणि इंजिनिअरकडे वळले.

"रोलर माझ्या हातून पडला," ते म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी एकटाच आलो होतो, म्हटलं पॅकिंगला नेऊन ठेवू. क्रेनचं बटण दाबताना हात थरथरला, रोलरला बांधलेला पट्टा सुटला. वाकला. जन्मभर रोलर असेच सरळ करत आलो, तसाच हाही केला. याने काही बिघडतं हे मला ठाऊक नव्हतं. सुनेचं काम चोख होतं. तुमचे बाकीचे रोलर चालू द्या, त्यांना मी हात लावलेला नाही."

इंजिनिअरने तापवलेला तुकडा उचलून बघितला, स्वतः दोनदा आकडा घेतला. "ठीक आहे," तो म्हणाला. "बाकीचे चालू राहतील. हा एक बदलून द्या."

७

तो गेल्यावर धाकट्याने सुटकेचा श्वास सोडला आणि ठिणगी हळूच हसला. भाची मात्र जागची हलली नाही. तिला आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. तिचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"रोलर पडला त्याचा मला राग नाही," ती म्हणाली. "पडतो. पण तुम्ही सांगितलं का नाही? सगळे मला चुकीची म्हणत होते. रोज रात्री मी स्वतःचंच काम तपासत होते. तुम्ही बघत होतात, आबा."

"मला खरंच वाटत होतं की घोटाईच फसलीय."

"वाटू दे. पण रोलर पडला होता, तापवला होता, एवढं बोलला असतात तर मला तिथल्या तिथे कळलं असतं."

आबा मान खाली घालून उभे राहिले. मोठा माणूस असा उभा राहिलेला बघणं अवघड असतं. मला त्यांची दया आली आणि भाचीचा अभिमान वाटला, दोन्ही एकदमच.

"हात थरथरतो हे कळलं असतं ना," ते शेवटी म्हणाले. "थोरला गेला तेव्हापासून थरथरतो. तो असता तर मी केव्हाच त्याच्या हाती सगळं देऊन मोकळा झालो असतो. तुझ्या हाती द्यायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. माझं चुकलं, पोरी."

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने मान खाली घातली नाही.

"हे मला एकटीला सांगून भागायचं नाही," ती म्हणाली. "मला नावं ठेवली ती सगळ्यांनी."

आबा वळले. शेडच्या मधोमध जाऊन त्यांनी टाळी वाजवली. लेथ थांबली, ग्राइंडर थांबला. माणसं गोळा झाली, काही मागे दाराशीच उभी राहिली.

"ऐका रे," आबा म्हणाले. "रोलर सूनबाईंमुळे गेला नाही. माझ्यामुळे गेला. यापुढे या शेडमधली कुठलीही वस्तू घोटाईनंतर तापवायची, ठोकायची, सरळ करायची, तर आधी हिला विचारायचं. हिने नाही म्हटलं तर नाही. मीसुद्धा विचारीन." शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडातल्या तोंडात राहिलं.

माणसं पांगायला लागली. भाचीने हात वर करून त्यांना थांबवलं.

"शेवटचं पुन्हा म्हणा, आबा. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

धाकट्याने तोंड उघडलं, मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते मिटलं. आबांनी सुनेकडे पाहिलं. तिने नजर हटवली नाही. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि थेट दारापर्यंत पोचेल अशा आवाजात ते पुन्हा म्हणाले, "मीसुद्धा विचारीन."